टाच दुखतेय? सकाळचं पहिलं पाऊल टाकायच्या आधी हे करा

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कोणीतरी खिळा ठोकल्यासारखं होतं, मग भिंत धरत धरत बाथरूमपर्यंत जायचं, चहा उकळेपर्यंत जरा बरं वाटायला लागतं, आणि दुपारी अर्धा तास बसून उठलं की परत तेच. तुमचं असंच होत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच लिहितेय.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. इंदूरला राजेंद्र नगरात राहते, घरून डबे देते, कोचिंगला आलेली मुलं आणि एकटे राहणारे दोनचार आजोबा मिळून तीसेक डबे होतात. म्हणजे पहाटे साडेचारपासून अकरापर्यंत ओट्यासमोर उभं, तेही अनवाणी, खाली कोटा फरशी. माझी उजवी टाच चौदा महिने दुखत होती आणि त्यातले पहिले सहा महिने मी सगळं उलटं केलं, तेवढे तरी तुमचे वाचावेत.

आधी बघा दुखतंय नेमकं कुठे

टाच दुखते म्हणजे काय ते प्रत्येकाचं वेगळं असतं. माझी नणंद फोनवर म्हणाली माझी पण दुखते ग, आणि बघितलं तर तिला भेगा पडलेल्या, ते कातडीचं दुखणं, त्याला व्हॅसलिन आणि मोजे पुरतात. तुम्ही असं करा, खुर्चीत बसून पाय मांडीवर घ्या आणि टाचेच्या खालच्या बाजूला, तळव्याची खोलगट कमान जिथे सुरू होते ना, तिथे आतल्या बाजूने अंगठ्याने जोरात दाबा. तिथे 'आई ग' झालं आणि सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट असेल, तर बहुतेक वेळा तो प्लांटर फॅसायटिस असतो, म्हणजे तळव्याखालच्या जाड पट्ट्याचं दुखणं. टाचदुखीत सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार हाच.

टाचेच्या अगदी मधोमध, हाडावरच दुखत असेल आणि कडक फरशीवर जास्त, तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असू शकते, वय वाढलं की होते. मागच्या बाजूला, चपलेची पट्टी येते तिथे दुखत असेल तर ती मागची जाड शीर, अकिलीस टेंडन, तिचं प्रकरण वेगळं. आग होणं, मुंग्या येणं, बधिर होणं असेल तर नस दबलेली असू शकते, किंवा शुगर. आणि टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबली आणि जीव गेला तर हाडाला बारीक चीर असू शकते, तिथे घरचे प्रयोग नकोत, सरळ हाडांच्या डॉक्टरकडे.

हाड वाढलंय म्हणे

मला पहिल्यांदा ज्यांनी एक्स-रे काढायला लावला त्यांनी फिल्म वर धरून दाखवली, 'देखिए आंटी, हड्डी बढ़ गई है', आणि मी घरी येऊन रडले, की आता ऑपरेशन. मग गल्लीतल्या प्रत्येकीने आपापल्या वाढलेल्या हाडाची गोष्ट सांगितली. खरं काय आहे, ती हाडाची टोकदार वाढ पुष्कळ अशा लोकांच्या एक्स-रेमध्ये पण दिसते ज्यांची टाच कधी दुखलेलीच नाही, आणि ज्यांची दुखते त्यांचं दुखणं ती तशीच राहून बरं होतं. माझी पण ती अजून तिथेच असणार. त्यामुळे ते कापून काढायचं डोक्यातून काढून टाका.

दुखतं ते दुसरंच. टाचेच्या हाडापासून पायाच्या बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, धनुष्याला दोरी असते तसा, कमान वर आणि दोरी खाली. आपण दिवसभर उभं राहतो तेव्हा ही दोरी ताणून धरलेली असते, आणि टाचेच्या हाडाला ती जिथे चिकटते तिथे रोज थोडं थोडं झिजत जातं. रात्री झोपेत पाऊल खाली लोंबतं, दोरी आखडून बसते, आणि सकाळी उठून आपण एकदम साठसत्तर किलो वजन तिच्यावर टाकतो. म्हणून पहिलं पाऊल. हे मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीने समजावलं, माझ्या धाकट्याएवढी असेल, पण तोपर्यंत मला कोणीच 'का' ते सांगितलं नव्हतं, नुसत्या गोळ्या लिहिल्या होत्या.

साधारण चाळीस ते साठ वयात हे जास्त होतं, वजन वाढलेलं असेल, पोटऱ्या कडक असतील, कडक जमिनीवर उभं राहायचं काम असेल, किंवा कधी न चालणारा माणूस अचानक रोज दहा हजार पावलं चालायला लागला असेल तर. मास्तर, नर्स, ट्रॅफिकवाले, दुकानात काउंटरमागे उभे राहणारे, आणि आपण ओट्यासमोरच्या बायका.

पलंगावर बसूनच करायचं

हे एकच केलंत तरी चालेल इतकं हे महत्त्वाचं आहे, म्हणून नीट सांगते. डोळे उघडले की लगेच खाली पाय सोडायचा नाही. पलंगावर बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्या. हाताने पायाची पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे वर ओढा, तळवा चांगला ताणला जाईपर्यंत. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवून बघा, मधोमध ती दोरी ताठ झालेली हाताला लागते, ती लागली म्हणजे तुम्ही बरोबर करताय. दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, पण सकाळचं कधीही चुकवायचं नाही, आणि दुपारी खूप वेळ बसल्यावर उठायच्या आधी पण एकदा.

मी पहिल्या दिवशी चार वेळा करून म्हटलं झालं, आणि चौथ्या दिवशी म्हटलं काही फरक नाही. असं नसतं. मला पहिला फरक जाणवायला तीन आठवडे लागले, तो पण एवढाच की पलंगापासून ओट्यापर्यंत माझी बावीस पावलं होतात, त्यातली बावीसच्या बावीस मी लंगडत जायचे ती पंधरावर आली. मी कॅलेंडरवर रोज आकडा लिहायचे, दूधवाल्याच्या हिशोबाच्या खाली. हे तुम्ही पण करा, कारण हे दुखणं इतकं हळू उतरतं की लिहून ठेवलं नाही तर आपल्याला वाटतं काहीच होत नाहीये आणि आपण सोडून देतो.

आणि पलंगाखाली चप्पल हवीच. ताणून झाल्यावर पाय फरशीवर नाही, चपलेत.

फरशी आणि सासूबाई

आता खरी अडचण. आपल्याकडे स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे काय विचारूच नका, आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे, सासूबाई ब्याऐंशीच्या, आणि फिजिओने सांगितलं की घरात एक पाऊल पण अनवाणी टाकायचं नाही. मी दोन महिने हे लपवलं, म्हणजे त्या झोपल्या असतील तेवढ्यात चप्पल घालायची आणि काठीचा आवाज आला की ओट्याखाली सरकवायची, या वयात हे करत होते मी. शेवटी ह्यांनीच सांगून टाकलं. सासूबाई पाच मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, नवी कोरी आण, बाहेर घालायची नाही, आणि देवापुढे काढायची. झालं, एवढंच होतं.

तर नवी कोरी, फक्त घरातली, मऊ पण चेपून पातळ न होणारी, टाचेकडे किंचित उंच आणि कमानीला आधार असलेली चप्पल आणा. दोन पट्ट्यांची सपाट रबरी स्लिपर नको, ती म्हणजे अनवाणीच. ज्यांच्याकडे अजिबात चालणार नाही त्यांनी टाचेला सिलिकॉनची वाटी लावून वर जाड मोजा चढवायचा, मेडिकलवर जोडी मिळते, आणि ती दोन्ही पायांत घालायची, एकाच पायात घातली तर कमरेला उंचसखल होतं. ओट्यासमोर जुनी योगा मॅट दोन घड्या करून टाका. आणि एक पाटा किंवा विटेएवढं स्टूल ठेवा, पोळ्या लाटताना एक पाय त्यावर, पाच मिनिटांनी दुसरा. कणीक मळणं, भाजी चिरणं बसून होतं, मी उगाच उभं राहून करायचे.

मंदिरांचं काय करायचं, तर मोजे. खजराण्याच्या गणपतीला बुधवारी लाइनीत उभं राहायचं, महाकालला जायचं, तर जाड मोजे घालून जाते, आतमध्ये ते सिलिकॉन असतं. देवाला चालतं, मी विचारलंय.

बाहेरची चप्पल-बूट

राजवाड्याजवळ बाजारात बूट घ्यायला गेलात तर संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात तेव्हाच माप बरोबर येतं. बूट हातात घेऊन दोन्ही टोकांनी वाकवून बघा, बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडत असेल तर परत द्या. टाचेमागची बाजू बोटाने दाबली तर चेपता कामा नये. कोल्हापुरी, मोजडी, सपाट बेली, हे लग्नात तासभर ठीक आहे, पण बरं होईपर्यंत रोजच्याला नाही. उंच टाचा पण नकोत, त्यात पोटरी आखडते. आणि घरातल्या सगळ्यांचे बूट उलटे करून बघा एकदा, खोट एका बाजूला झिजलेली असेल तर ते बूट बाद, कितीही महाग असले तरी. माझे ते सेलमधले वॉकिंग शूज पाच वर्षं जुने होते, वरून अगदी नवे, आतून पापड.

पोटरी, आणि पायरीवरचा व्यायाम

दुखतंय तळव्याला आणि ताणायची पोटरी, हे मला पटत नव्हतं, पण पोटरी कडक असली की पाऊल घोट्यातून नीट वाकत नाही आणि सगळा ताण खालच्या दोरीवर येतो. भिंतीला दोन्ही हात टेकून उभं राहा, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पुढे झुका. तीस आकडे मोजा. मग तसंच मागचा गुडघा थोडा वाकवून, कारण आत दुसरा स्नायू असतो. तीन तीन वेळा. कुकरच्या शिट्टीची वाट बघताना होऊन जातं.

दोनतीन आठवड्यांनी दुखणं जरा खाली आलं की मग पायरीवरचा. जिन्याच्या पायरीवर टॉवेलची गुंडाळी ठेवा, त्यावर पायाची बोटं, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील, चवडा पायरीवर आणि टाच बाहेर अधांतरी. कठडा धरा. तीन मोजत टाच वर, दोन मोजत थांबा, तीन मोजत खाली, पायरीच्या पातळीच्या पण खाली. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमलं की एका पायावर, बारा वेळा, दम घेऊन असे तीन वेळा. दिवसाआड करायचं, रोज नाही. 2014 साली डेन्मार्कच्या संशोधकांनी हे आणि नुसतं ताणणं यांची तुलना केली होती, तीन महिन्यांनी पायरीवाले जास्त बरे होते, वर्षाने दोघं सारखेच. म्हणजे धावपळ असेल तर नुसतं ताणलंत तरी पोचाल, पायरीने लवकर. जमायला लागल्यावर मी पाठीवर मुलाची जुनी सॅक घेऊन त्यात पाच किलो आट्याची पिशवी ठेवायचे, शेजारणीने विचारलं शाळेत निघालात का.

करताना थोडं दुखेल, ते चालतं. दहापैकी तीनचार मार्कांएवढं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त नाही, तर बरोबर चाललंय. सकाळी जास्त दुखलं तर कमी करा, बंद करू नका. मी एकदा दोन आठवडे पूर्ण झोपून काढले, मुलांना डबे बंद केले, उठल्यावर टाच होती तशीच आणि पोटऱ्या अजून लुळ्या.

बर्फ, रुईचं पान, काशाची वाटी

अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली थोडी रिकामी ठेवून फ्रीजरमध्ये गोठवा, संध्याकाळी खुर्चीत बसून तळव्याखाली पुढेमागे फिरवा, दहापंधरा मिनिटं, पायात मोजा घालून. आराम मिळतो, बरं होत नाही, पण आराम पण पाहिजेच ना. काही जण टेनिसबॉल वापरतात, काही जण लाटणं, लाटणं वापरायचं तर ते परत पोळपाटावर येता कामा नये एवढं बघा.

गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकणं आईने पण केलं होतं आणि मी पण केलं. शेकून बरं वाटतं, ते शेकल्याचं, पानाचं किती ते देव जाणे, पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर, म्हणून मी आता नुसती गरम पाण्याची पिशवी घेते. काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासले की झोप छान लागते, जरूर करा. पण शुगर असलेल्यांनी, पायाला संवेदना कमी असेल तर, ना बर्फ ना वीट, भाजलेलं कळत नाही आणि जखम होऊन बसते, आमच्या ओळखीत झालेलं आहे.

एक तेल चोळणारा होता, त्याने दुखऱ्या जागेवर कोपराने इतकं दाबलं की मी चार दिवस उठले नाही. त्याला हजार रुपये दिले होते. जाऊ दे.

गोळ्या आणि इंजेक्शन

दुखण्याच्या गोळ्या चार दिवस ठीक, पण बीपी, किडनी, अ‍ॅसिडिटी असेल तर मेडिकलवाल्याला विचारून नाही, डॉक्टरला विचारून. स्टेरॉइडचं इंजेक्शन टाचेत देतात, काही आठवडे ते महिना दोन महिने सुंदर वाटतं, पण परत परत घेतलं तर टाचेची चरबीची गादी पातळ होऊ शकते, आणि ती दोरीच तुटण्याची पण भीती असते, म्हणून आधी बाकीचं मनापासून करून बघा. टेपिंग म्हणून एक प्रकार असतो, तळव्याला पट्ट्या लावतात, सुरुवातीच्या दिवसांत मला त्याने खूप बरं वाटलं, पण फिजिओकडून शिकून घ्या. रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा बूट पण मिळतो, काहींना चालतो, मी दोन रात्री घातला आणि तिसऱ्या रात्री ह्यांनी तो लपवला, कारण मी त्यांना लाथा मारत होते. सहा महिने नीट करूनही फरक नसेल तर शॉकवेव्ह नावाची मशीनची ट्रीटमेंट असते, त्याबद्दल डॉक्टरशी बोला. ऑपरेशनपर्यंत फार थोडे लोक पोचतात.

चालायचं की नाही

'रोज नेहरू पार्कला चक्कर मार, वजन उतरेल, टाच आपोआप जाईल' हे मला प्रत्येकाने सांगितलं. वजन उतरवणं बरोबर आहे, मी पाच किलो उतरवलं आणि फरक पडला, पण दुखत्या टाचेवर चालून उतरवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. सायकल चालवा, पोहता येत असेल तर पोहा, आणि खरं सांगू, माझं वजन उतरलं ते पोह्यांवरची शेव आणि बाजूची जलेबी रविवारपुरती ठेवल्याने. चालायचं तर दुखायच्या आधी थांबता येईल इतकंच, डांबरापेक्षा मातीवर, मेघदूत बागेच्या आत कडेकडेने चालते मी, आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवत.

कधी थांबायचं नाही, डॉक्टरकडेच जायचं

पाय मुरगळून किंवा 'टक्' आवाज होऊन एकदम दुखायला लागलं आणि पाय टेकवतच नाही. टाच लाल, गरम, सुजलेली आणि ताप. झोपेत, पाय उचलून ठेवलेला असताना पण ठणकतंय. बधिरपणा. शुगर आहे आणि पायाला छोटी पण जखम आहे. तरुण मुलगा आहे, दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर पण आखडलेली असते, तर हा संधिवाताचा एक प्रकार असू शकतो, त्याला तपासण्या लागतात. आठ ते चौदा वर्षांचं खेळणारं पोर टाच दुखते म्हणालं तर नाटक समजू नका, वाढीच्या वयात टाचेच्या हाडाला तसं होतं, पण दाखवून घ्या. युरिक अ‍ॅसिडची तपासणी आपल्याकडे सगळेच करून घेतात, पण ते बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्यातून सुरू होतं, लाल आणि हात न लावू देणारं.

वेळ किती लागतो, तर महिने. बहुतेकांचं वर्षाच्या आत ऑपरेशन न करता जातं. माझा बावीसचा आकडा पाचव्या महिन्यात चारवर आला, मग रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला सपाट चपलेत तीन तास राजवाड्यावर उभी राहिले आणि परत अकरा, रडूच आलं, पण या वेळी दोन आठवड्यांतच खाली आला. आता कॅलेंडरवर शून्य लिहिलेलं असतं. बाटली मात्र अजून फ्रीजरमध्येच आहे, मटारच्या पिशवीच्या बाजूला, आणि त्यावर मी स्केचपेनने 'पाय' लिहून ठेवलंय, कारण एकदा सासूबाईंनी तिचं सरबत केलं होतं.